निर्दोष चालकाची गाडी

माणूस चुका करत नाही, चुका होतात. भाषेने माणसाला ज्या सोयी करून दिल्या आहेत, त्यांत ही सर्वांत मोठी मानावी लागेल. काच फुटते, दूध उतू जातं, फाइल गहाळ होते, तोंडातून शब्द निसटतो आणि गाडी लागते. या सर्व प्रसंगी माणूस जवळपास असतो, नाही असं नाही. पण केवळ साक्षीदार म्हणून.

या व्यवस्थेच्या विरोधात नोकरी करणारा एक गृहस्थ होता. तो एका विमा कंपनीत अपघातांच्या दाव्यांचा सर्वेक्षक होता. चेपलेल्या गाडीपाशी जायचं, गुडघ्यावर बसायचं, ओरखड्यावरून बोट फिरवायचं आणि चूक कुणाची ते ठरवायचं, हे त्याचं काम. लोक अर्जात लिहीत, 'गाडी खांबाला लागली.' तो लाल पेनाने दुरुस्त करी, 'चालकाने गाडी खांबाला लावली.' ब्रेक लागला नाही, कुत्रं आडवं आलं, ऊन डोळ्यांवर आलं, अशी सगळी कारणं तो मान डोलावत ऐके आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द लिही: चालकदोष. कचेरीत त्याला याच नावाने ओळखत. ('चालकदोष आज रजेवर आहेत,' असं टेलिफोनवरची बाई सांगे, आणि पलीकडच्या माणसाला क्षणभर सुटल्यासारखं वाटे.)

आता या गृहस्थाच्या स्वतःच्या गाडीविषयी. तिच्या डाव्या दाराला एक लांब चरा होता, उजवा दिवा जरा आत बसला होता, आणि मागच्या बंपरचा आकार कोणत्याही कारखान्याने कधी काढला नसता असा झाला होता. हे सर्व स्टिअरिंगमुळे झालं होतं.

ही गाडी त्याने तरुणपणी हौसेने घरामागच्या शेडमध्ये स्वतः जुळवली होती. सांगाडा एका जुन्या मालवाहू गाडीचा, इंजिन दुसऱ्या गाडीचं, दारं तिसरीची. घरात तिला 'आघाडी' म्हणत, कारण सपाट रस्त्यावर सगळे भाग एकत्र असत आणि चढ लागला की जो तो आपापलं बघे. तिचं स्टिअरिंग जुन्या पद्धतीचं. खाली एक जाडजूड लोखंडी पेटी, पेटीतून निघालेला एक दांडा, त्याला जोडलेला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, आणि प्रत्येक सांध्यावर थोडी थोडी झीज. अशा रचनेत चालकाची इच्छा चाकांपर्यंत थेट पोहोचत नसे. योग्य मार्गाने पोहोचे. (ज्यांनी आयुष्यात एकदा तरी अर्ज केला आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको.) हात डावीकडे वळले की पेटीला कळे, पेटी दांड्याला कळवी, दांडा पुढे पाठवी, आणि मंजुरी येईपर्यंत वळण मागे पडलेलं असे.

या मधल्या मोकळ्या जागेला गॅरेजवाले 'प्ले' म्हणतात. या प्लेमध्ये एक अख्खं कुटुंब सुखाने नांदत होतं.

सर्वेक्षकाची बायको फिजिओथेरपिस्ट होती. लोकांचे आखडलेले खांदे सोडवण्यात तिचा हातखंडा होता. तिची नणंद डोंगरापलीकडे राही आणि दर रविवारी घरी गाण्याची बैठक करी. गाणारी नणंद स्वतःच. 'यायचं खूप मनात आहे हो, पण एवढी वळणं, आणि आमचं स्टिअरिंग हे असं,' असं बायको हळहळून सांगे, आणि रविवारी दुपारी पंखा लावून झोपे. मुलगी एका कार्यालयात इमारतींचे नकाशे काढी. तिला रोज उशीर होई, तोही स्टिअरिंगमुळेच, कारण बाबा तिला सोडायला जात. थोडक्यात, घरातल्या कुणाकडेही कसलाही दोष नव्हता. सगळा एका पेटीत बंद होता.

अशा सुरळीत चाललेल्या संसारात मुलीने एक दिवस विषय काढला.

"बाबा, मला गाडी शिकायची आहे."

"शीक की. छान."

"आपल्या गाडीवर."

"आपल्या गाडीवर नको. त्या स्टिअरिंगला सरावलेला हात लागतो. दुसरं कुणी असतं ना, तर एव्हाना गाडी नाल्यात असती."

"मग स्टिअरिंगच बदला. तुम्हीच म्हणता ना, सगळी भानगड त्याचीच आहे?"

इथे सर्वेक्षकाने थांबायला हवं होतं. अशाच सरळ प्रश्नात त्याने आजवर कितीतरी लोकांना पकडलं होतं. पण आपल्या कारणावर त्याचा स्वतःचा मनापासून विश्वास होता. (खोटं बोलणाऱ्याला बाहेर पडायला वाट असते, प्रामाणिक माणसाची पंचाईत होते.) तो म्हणाला, "बदलू. मीच बदलतो. घरीच."

त्याचा मेहुणा जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकत असे. तो एक लांबट दांडा खांद्यावर टाकून आला.

"दाजी, रॅक-पिनिअन टाका. हा दातेरी दांडा, ही त्यावर फिरणारी दातेरी चक्री, विषय संपला. तुमचा हात वळला की गाडी वळली. मध्ये कोणी नाही."

"मध्ये कोणीच नाही?"

"कोणीच नाही."

सर्वेक्षकाच्या अंगावर किंचित काटा आला. तो त्याने आनंदाचा समजला.

गाडी ठोकळ्यांवर चढली. जुन्या पेटीचे नट गंजून सांगाड्याशी एकजीव झाले होते. त्यांना तेल पाजलं, पान्याला लांब पाइप जोडून सर्वांनी मिळून लोंबकळून पाहिलं, आणि अखेर पेटी धप्पकन फरशीवर पडली. बायकोने वाकून तिच्या दांड्याचा सांधा हलवून बघितला. "हा माणसाचा असता," ती म्हणाली, "तर मी याला पलंगावरून उठूच दिलं नसतं."

नवी रॅक बसेना. कधी सायलेन्सरचा पाइप आडवा येई, कधी सांगाडाच. ब्रॅकेट वेल्ड करावं आणि पुन्हा कापून काढावं, असा क्रम काही काळ चालला. त्यातून मेहुण्याने नवी अडचण सांगितली: चाकांना ढकलणाऱ्या दांड्यांचे सांधे आणि चाकं वरखाली करणाऱ्या लोखंडी हातांचे सांधे नीट जुळले नाहीत, तर रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला गाडी स्वतःचं मत देते. मुलीने शेडच्या भिंतीवर खडूने आकृती काढून रॅक कुठे बसायला हवी ते दाखवलं. बाबा म्हणाले, "असं नसतं गं." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच विचार करून रॅक नेमकी तिथे बसवली.

पहिल्या चाचणीला सगळे जमले. गाडी ठोकळ्यांवर, पुढची चाकं हवेत. सर्वेक्षकाने स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. चाकं झटकन उजवीकडे वळली.

मेहुण्याने वाकून चाकं पुन्हा एकदा पाहिली. मग सर्वेक्षक म्हणाला, "प्रतिसाद मात्र तत्काळ आहे."

त्यानंतर त्याने असंही सुचवलं, की सवयीचा प्रश्न आहे, घरातल्या सर्वांनी ठरवून उलटं फिरवायला शिकलं तर काम भागेल. बायकोने विचारलं, "समोरून येणाऱ्यांनाही कळवणार आहात का?"

"दाजी, ही एक्सलच्या, म्हणजे चाकांच्या आसाच्या, मागे बसणारी रॅक निघाली, पुढे बसवली की उलटं वळवते," मेहुणा डोकं खाजवत म्हणाला. "आपल्याला पुढे बसणारी पाहिजे. बदलून आणतो."

त्याने बदलून आणली. ती बसली. अलाइनमेंटवाल्याने एक चक्कर मारली, स्टिअरिंगला एका बोटाने हलवून बघितलं आणि अंगठा वर केला. प्ले नावालाही उरला नव्हता.

पहिल्या फेरीला बायको, मुलगी आणि मेहुणा मागे-पुढे बसले. सर्वेक्षकाने ऐटीत गाडी सुरू केली. फाटकातून बाहेर पडताना पूर्वीच्या अंदाजाने त्याने स्टिअरिंग चांगलं सढळ हाताने वळवलं. गाडी त्याबरहुकूम वळली. फाटकाच्या खांबाने कर्र्र असा आवाज केला.

"हे स्टिअरिंग...", सर्वेक्षक सवयीने म्हणाला आणि थांबला.

चौघांनीही स्टिअरिंगकडे पाहिलं. ते घट्ट होतं, चकाकत होतं, आणि त्याच्या चेहऱ्यावर (स्टिअरिंगला चेहरा असतो, हे त्या दिवशी सर्वांना कळलं) कसलाही अपराधी भाव नव्हता.

तो खाली उतरला. गुडघ्यावर बसला. ओरखड्यावरून बोट फिरवलं. अखंड, सलग, कुठेही न अडखळलेली रेघ. अशा रेघा पाहण्यात त्याची उमर गेली होती, आणि त्यांच्यापुढे काय लिहितात ते त्याला पाठ होतं. तो उठून म्हणाला, "खांब जरा पुढे आलाय."

यानंतर औषधाच्या दुकानाची पायरी पुढे आली. शेजाऱ्यांच्या कुंड्या पुढे आल्या. एकदा एक उभा ट्रक पुढे आला. गाडी प्रत्येक वेळी त्याने पाठवली तिथेच तंतोतंत गेली होती.  घरात जेवताना त्याला आग्रह जास्त होऊ लागला. आजारी माणसाला करतात तसा.

आता मुलीला नाही म्हणायला काही उरलं नव्हतं. एका सकाळी तो तिच्या शेजारी बसला. हात हँडब्रेकवर, तोंडात सूचना तयार. मुलीने गाडी फाटकातून काढली. खांब होता तिथेच राहिला. ती मोठ्या रस्त्याला लागली, गतिरोधक हळुवार ओलांडले, वळणावर हात जरासे वळवले आणि सरळ केले. सूचना तोंडातच राहिल्या. रस्ता पुढून येत होता आणि गाडीखालून निघून जात होता, मध्ये झटापट अशी काही नव्हती. इतकी वर्षं तो या रस्त्याने आला-गेला होता. हा रस्ता सरळ आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याला अचानक फार बरं वाटलं, आणि लगेच फार वाईट.

"बाबा, चुकतंय का काही?"

"नाही," तो म्हणाला. "काहीच नाही."

एवढ्यावर गोष्ट संपली असती, तर सुधारणा नावाच्या गोष्टीवर आपला विश्वास बसला असता. पण बातमी डोंगरापलीकडे पोहोचली.

"आता तर नवं स्टिअरिंग आहे म्हणे!" नणंदेचा फोन आला. "मग या की रविवारी. लवकर या, मी दोन्ही वेळ गाते." बायको गेली. पुढच्या रविवारीही गेली. लोकांचे खांदे सोडवणाऱ्या बाईची मान आखडली. मुलीची गत आणखी वाईट. गाडी तिला चांगली येते हे जाहीर होताच आत्याला आणणं-पोचवणं, शेजारच्या आजोबांना दातांच्या डॉक्टरकडे नेणं, मामाचे गिअरबॉक्स हलवणं, ही सर्व कामं सर्वानुमते तिच्याकडे आली. आणि कार्यालयात साहेबांनी विचारलं, "आता स्वतः चालवत येता ना? मग उशीर कशामुळे?" तिने बराच विचार केला. मग ती खाली बसून नकाशाला लागली.

सर्वेक्षकाच्या कचेरीतही एक चमत्कारिक गोष्ट घडली. एका म्हाताऱ्या शिक्षकाने लिहिलं होतं, 'गाडी झाडाला लागली.' त्याने लाल पेन उघडलं, बराच वेळ धरून ठेवलं, आणि टोपण लावून खिशात ठेवलं. त्याच्यासारख्या माणसाला असं काम करून चालणार नव्हतं.

त्या आठवड्यात जेवणं आटोपल्यावर बायकोने ताटं गोळा करता करता सहज विचारलं, "ती जुनी पेटी टाकून दिलीत का हो?"

"नाही. शेडमध्ये आहे."

नळ वाहत होता तो मुलीने बंद केला.

"गाडी सरळ चालते आहे गं आता," सर्वेक्षक म्हणाला. त्याच्या आवाजात खरंच काहीतरी होतं.

"चालते आहे ना," बायको मऊपणे म्हणाली. "म्हणून तर."

मुलगी हात पुसत म्हणाली, "मला काही घाई नाही. पण रविवारच्या आत होईल का?"

झालं. रॅक निघाली, पेटी बसली. जुने भाग आपली जागा विसरत नाहीत; बोल्ट हाताने फिरवले तरी आत गेले. शनिवारी चौघं पुन्हा बाहेर पडले. फाटकापाशी कर्र्र आवाज झाला, आणि चौघं एकदमच म्हणाले, "काय हे स्टिअरिंग!" आणि कितीतरी दिवसांनी मनमोकळं हसले. संध्याकाळी नणंदेला फोन गेला. बायकोचा हळहळता स्वर अगदी पूर्वीसारखा लागला.

रॅक तेवढी उरली. मेहुण्याने ती परत घेतली नाही. "गिऱ्हाईक नाही हो हिला, दाजी," तो म्हणाला. "येतात, हात लावून बघतात, वा वा करतात, आणि विचारतात, हिच्यात थोडा प्ले घालून मिळेल का?"

तेव्हा ज्या वाचकाला ती हवी असेल, त्याने शेडवर येऊन खुशाल घेऊन जावी. उत्तम स्थितीत आहे, मोल काही नाही, आणि स्वतःची गाडी असलीच पाहिजे अशीही अट नाही. ती घरात, कचेरीत, कुठेही बसते. आपण यायला निघालाच होता, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण मध्येच पाहुणे आले, रस्त्याचं काम निघालं, शिवाय हल्ली तब्येतीचंही तसंच चाललंय. जमलं नाही, एवढंच.