बाबांच्या डोक्याचं माप

आपण बाबांसाठी घेतलेल्या भेटीबद्दल लेसिएलीच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ऑकलंडहून निघताना तिने मैत्रिणीला ऐकवलंच होतं, की लोक आपल्या बापाला शर्ट नेतात, घड्याळ नेतात, गुडघ्याला चोळायचं मलम नेतात. पण मी नेतेय त्याने बाबांचं आयुष्य वाढेल. त्या लालभडक हेल्मेटने आयुष्य वाढलं की नाही ते देवाला ठाऊक. त्या रविवारी सकाळी मात्र लेसिएलीचंच आयुष्य थोडं कमी झालं असावं.

तोंगा देशातल्या वावाऊ बेटावर तिच्या बाबांना, म्हणजे मानासेंना, ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. चर्चमधल्या गाणाऱ्यांचे ते गुरू. गावातली तीन पिढ्यांची तोंडं त्यांच्या हाताच्या इशाऱ्यावर उघडली आणि मिटली. असा हा माणूस गेल्या महिन्यात आपल्या जुन्या स्कूटरवरून शेताकडे निघाला असता एक डुकरीण पिलावळ घेऊन रस्ता ओलांडू लागली. डुकरीण वाचली, पिलं वाचली, बाबाही वाचले. उजवा खांदा तेवढा असा आखडला की हात छातीच्या वर जाईना. ही बातमी फोनवर कळली आणि लेसिएली तडक हेल्मेटच्या दुकानात गेली.

त्याच स्कूटरवरून बाबांनी तिला वर्षानुवर्षं शाळेत पोहोचवलं होतं. घरात रेनकोट एकच, तो लेकीच्या अंगावर. बाबा पुढे भिजत, गुणगुणत. शाळेच्या दाराशी उतरताना ती नेहमी म्हणे, "बाबा, तुम्ही भिजलात." ते म्हणत, "मी सकाळीच अंघोळ करतो, ती राहिली होती." आज ती मोठ्या शहरातल्या मोठ्या शाळेत शिकवत होती ती त्या अंघोळींच्या जोरावर, हे ती देवासमोर रोज बोले. बाबांसमोर कधीच बोलली नव्हती. हेल्मेट बोलेल, असं तिला वाटलं होतं.

दुकानातल्या मुलीने डोक्याचं माप विचारलं तेव्हा मात्र तिची पंचाईत झाली. तोंगातल्या कुठल्याही लेकराला हे माप ठाऊक नसतं. बापाच्या डोक्याला हात लावायचा नाही, त्याच्या टोपीला नाही, उशीलाही नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. चालायला कुठे कुणी शिकवतं? शेवटी तिने हवेतच मोठा नीरफणस धरल्यासारखे हात केले आणि मुलीने त्या हातांत बसेल ते हेल्मेट काढून दिलं.

तो रविवार साधा नव्हता. बेटावरच्या सगळ्या गावांचे गाणारे त्यांच्या चर्चमध्ये जमणार होते, आणि खांदा धरल्यापासून लोकांत कुजबुज सुरू होती की म्हाताऱ्याने आता दुसऱ्याला जागा द्यावी. डाव्या हाताने गाणं नीट उभं राहिलं तर बाबांची जागा बाबांची, नाहीतर हा त्यांचा शेवटचा रविवार. बाबा पांढरा शर्ट घालून, तिथल्या रीतीप्रमाणे कमरेला आजोबांच्या वेळची विणलेली चटई गुंडाळून तयार बसले होते. लेसिएलीला वाटलं, आत्ताच भेट द्यावी, म्हणजे जरा धीर येईल.

बाबांनी खोकं उघडलं. लाल रंग पाहून डोळे चमकले. डाव्या हाताने हेल्मेट उचलून त्यांनी डोक्यावर ठेवलं, वरून दोनतीन थापट्या मारल्या, आणि विहिरीतून यावा तसा आवाज आला, "झकास बसलं."

बसलं ते बसलंच. काढायची वेळ आली तेव्हा एका हाताने ते हलेना. मागून ओढलं तर पुढे रुतलं, पुढून ओढलं तर कान आडवे आले. बाबा खुर्चीत ताठ बसून राहिले आणि कौतुकाने इकडेतिकडे पाहत राहिले, जणू त्यांना ते काढायचंच नव्हतं. लेसिएलीने पुढे केलेले हात मागे घेतले. आई असती तर प्रश्नच नव्हता, बायकोला नवऱ्याच्या डोक्याची मनाई नाही. पण आईला देवाघरी जाऊन दोन वर्षं झाली होती.

तिने शेजारच्या पाउलाला हाक मारली. पाउला दोन म्हशींचं बळ असलेला गडी. तो आला, त्याने पाहिलं, आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिला. त्याचा बाप आणि मानासे चुलत भाऊ, म्हणजे मानासे त्याचेही बाबाच. त्याने पलीकडच्याला बोलावलं, तोही नात्याने मुलगा निघाला. गावात ज्याला हाक मारावी तो मानासेंचा मुलगा किंवा पुतण्या! अंगणात धडधाकट माणसांची ही गर्दी झाली, आणि सगळ्यांचे हात पाठीमागे. दवाखाना रविवारी बंद. तिथलं दार मरणाऱ्यालाच उघडतं, आणि बाबांना विचारलं तर म्हणाले, बरं वाटतंय.

शेवटी पाद्रीबाबा आठवले. ते दुसऱ्या बेटावरचे, त्यांचं इथे कुणाशी नातं नाही. पाद्रीबाबा अतिशय कनवाळू माणूस, आणि तीच अडचण झाली. ते जरा ओढत, आतून "हं" असा आवाज येई, की लगेच सोडून देत आणि क्षमा मागत. मग कुणीतरी खोबरेल तेल सुचवलं. रविवारी कामाला मनाई, तेव्हा हे काम धरायचं की नाही यावर थोडी चर्चा झाली. पाद्रीबाबांनी दयेचं कृत्य म्हणून परवानगी दिली आणि अख्खी बाटली रिकामी केली. तेल कानांवरून कॉलरमध्ये, कॉलरमधून शर्टात आणि शर्टातून आजोबांच्या चटईत गेलं. हेल्मेट निघालं नाही. ते गोल फिरलं. आता समोरची काच एका कानावर आली आणि बाबांचा एकच डोळा उरला. त्या एका डोळ्याने त्यांनी लेकीकडे पाहिलं आणि तो मिटून उघडला. ती रडायच्या बेतात होती.

तेवढ्यात सिसिलिया आत्या आली. घरात आत्याचा शब्द बाबांच्याही वर. पण इथे भाऊबहीण एका खोलीत बसत नाहीत, म्हणून ती दाराबाहेर पाठ करून उभी राहिली.

"मानासेच्या डोक्यावर काय आहे म्हणे?"

"मी आणलेली भेट आहे, आत्या," लेसिएली पुटपुटली.

"चांगली आहे. काढा आता."

कुणी हललं नाही. तेलाचे थेंब खुर्चीवरून जमिनीवर पडत राहिले. मग चर्चची घंटा झाली, आणि आत्या म्हणाली, "देवाने माणसाला टोपीशिवाय घडवलं आणि टोपीसकट ओळखतो. चला."

चर्चमध्ये कुणी हसलं नाही. देवाच्या घरात हसणं शोभत नाही. पण एक बारीक खोकला पहिल्या बाकावरून निघाला आणि शेवटच्या बाकापर्यंत साथीसारखा पसरला. परगावचे गाणारे एकमेकांच्या कानात बोलत होते. कुणाला वाटलं ऑकलंडच्या डॉक्टरने खांद्यासाठी दिलेला इलाज असेल. आणि ज्याचा बाबांच्या जागेवर डोळा होता तो खालच्या पट्टीत गाणारा जाडा गडी हात जोडून, मान खाली घालून बसला. प्रार्थना करत होता की हसत होता, त्याचा त्यालाच ठाऊक.

बाबा समोर उभे राहिले. डावा हात उचलला आणि गाणं सुरू झालं. पहिलं कडवं निभावलं. दुसऱ्यात लेसिएलीच्या लक्षात आलं की बाबांना काहीच ऐकू येत नाहीये. गाणं मागे रेंगाळलं आणि हात पुढे निघून गेला. ओल्या शर्टाच्या आत छाती भात्यासारखी हलत होती. तिसऱ्या कडव्याला ते एका बाजूला झुकले, सावरले, पुन्हा झुकले.

बायकांच्या रांगेत उभ्या लेसिएलीने मनातल्या मनात देवाला विचारलं, की बापाचा मान राख ही तुझीच आज्ञा; आता राखू कसा? हात लावून, की न लावून?  बाबा तिसऱ्यांदा झुकले.

ती रांगेतून बाहेर पडली. सगळ्या गावांच्या डोळ्यांदेखत बाबांसमोर जाऊन उभी राहिली, हेल्मेटला दोन्ही हातांनी धरलं आणि जिवाच्या आकांताने ओढलं. चिखलातून अळकुडी उपटावी तसा आवाज झाला. हेल्मेट जमिनीवर घरंगळत गेलं. बाबा पुढे कलंडले, आणि त्यांचं तेलाने न्हालेलं, तापलेलं, आयुष्यात कधी न शिवलेलं डोकं लेसिएलीच्या दोन तळव्यांत आलं.

गाणं थांबलं.  बाबांनी दम घेतला, डोळे उघडले, आणि फक्त तिलाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले, "बायकांची बाजू ढिली पडलीय. जा जागेवर."

ती गेली. चौथं कडवं असं झालं, की त्या जाड्या गड्याने आधी तोंड उघडलं आणि मग डोळे पुसले. बाबांची जागा बाबांचीच राहिली.

पण लेसिएलीचं काळीज जागेवर आलं नाही. दुपारी भट्टीतून काढलेलं जेवण, नारळाच्या दुधात शिजलेली अळूची पानं, सगळं समोर वाढलेलं होतं आणि ती उंबऱ्याशी मान खाली घालून बसली होती. तिने क्षमा मागितली. बाबांनी बाहेर उभ्या असलेल्या बहिणीच्या पाठीकडे पाहिलं. अशा गोष्टीचा निवाडा आत्याचा.

 "पोरीने टोपीला हात लावला," आत्या म्हणाली. "टोपी तिचीच होती, अजून माप बसलं नव्हतं, म्हणजे मानासेची झालीच नव्हती. पुढे डोकं आपल्या पायांनी तिच्या हातात आलं. त्याला ती काय करणार?"

लेसिएलीला हुंदका फुटला. बाबांनी तिला रडू दिलं. मग म्हणाले, "पुढच्या वेळी एक नंबर मोठं आण."

"माप कुठे ठाऊक आहे, बाबा?"

बाबा खुर्चीवरून उठून तिच्यासमोर चटईवर बसले आणि डोकं खाली वाकवलं. बाहेर आत्या म्हणाली, की आज समुद्र फार छान दिसतोय, आणि अंगणाच्या टोकाला निघून गेली.

केसांची रिबीन सोडून लेसिएलीने बाबांच्या डोक्याचं माप घेतलं. मग तीच रिबीन हेल्मेटच्या बाहेरून लावली आणि चक्रावली. एवढ्या मोठ्यात ते डोकं सहज मावायला हवं होतं. पहिल्यांदाच तिने आत हात घातला, कारण इतके दिवस बाबांच्या टोपीत हात घालायचा तरी कसा? आत दुकानाने वाहतुकीत आपटू नये म्हणून बसवलेला स्पंजाचा जाडजूड पट्टा जसाच्या तसा होता. ओढून काढायला तिला एक बोट लागलं.

"बाबा, हा तुम्हाला टोचला नाही?"

"टोचला ना," बाबा म्हणाले. "मला वाटलं, ऑकलंडला तशीच पद्धत असेल."