मोडतोडबंदी आणि एक होतकरू पेशी

पुढे जायचे तर मागचे मोडावे लागते, हे मेंदूच्या पेशीला जन्मतःच कळते. प्रयोगशाळेच्या कार्यक्षमता समितीला ते अद्याप कळायचे आहे. (विषय विचाराधीन आहे.)

पदवीसाठी प्रयोगशाळेत सहा वर्षे काढलेल्या एका विद्यार्थिनीला सगळे थोरली म्हणत. तिच्या काचेच्या बशीत मेंदूची एक कोवळी पेशी होती. शुक्रवारपर्यंत पेशीने बशीवरची रेघ ओलांडली तर थोरलीला पदवी, नाहीतर सातवे वर्ष.

पेशीचे काम चोख चालले होते. तिच्या टोकाशी अ‍ॅक्टिन नावाच्या प्रथिनाचे धागे पुढून जोडले जात आणि मागून सुटत. सुटलेला माल पुन्हा पुढे लागे. टोक अंधारात स्विच शोधावा तसे चाचपडत सरके, ट्यूब्युलिन या दुसऱ्या प्रथिनाच्या नळ्या पाठीशी उभ्या राहत आणि केंद्रक, चपला शोधत बसलेल्या काकांसारखे, सगळ्यांत शेवटी निघे. वेग : तासाला केसाच्या जाडीचा पाचवा हिस्सा. (समितीची फाइल याहून हळू चालते, पण तिला रेघ नसते.)

बुधवारी समितीच्या अध्यक्षांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"हे काय गं? पुढे जोडायचं, मागे सोडायचं? पोरखेळ लावलाय!"

"सर, त्यानेच तर ती सरकते."

"अगं, मोडलंच नाही तर दुप्पट सरकेल. साधं गणित आहे!"

गणित समितीने तपासले. मोडतोड शंभर टक्के थांबवल्यास बचतही शंभर टक्के. ठराव एकमताने मंजूर झाला. (थोरलीला मत नव्हते.) धागे सुटू न देणारे औषध बशीत पडले. धागे सुटेनात, म्हणून पुढे जोडायला प्रथिन उरेना. पेशी खांबासारखी ताठ उभी राहिली.

"सर, आता ही काही केल्या हलायची नाही."

"म्हणजे स्थिर झाली ना? मग रडतेस काय? तसं लिही!"

शुक्रवारी बशीवरची रेघ पुसून पेशीच्या मागे ओढण्यात आली. पेशीने ती ओलांडल्याचे समितीच्या तिघांनी डोळ्यांनी पाहिले. थोरलीने सातव्या वर्षाचा विचार केला आणि अहवालावर सही केली. आता ती डॉक्टर आहे, समितीवरही आहे.

वाचकांनी हसू नये. (हसलात, याची नोंद झाली आहे.) तुमच्या मेंदूतल्या बहुतेक पेशींनी आपला प्रवास कधीच आटोपला. त्यानंतर तुम्ही जिथे जिथे पोचलात, तिथे हललात तुम्ही की रेघ, एवढे कुणाला न विचारता तपासून घ्या.