पहिल्या आरतीचं अपील

दौलतरावांनी आरतीचं पितळी तबक धोतरात गुंडाळून ट्रंकेत घातलं, आणि भानुमतीबाईंनी ट्रंकेचं झाकणच धरलं.

"अहो, सोमवारी गणपती आहेत. तबक दिल्लीला नेऊन काय करून राहिले तुम्ही?"

"पुरावा आहे तो! आजोबांचं नाव कोरलंय त्याच्यावर. जज्जसाहेबांनी विचारलं, हक्क कशावरून, तर काय हात हलवत उभा राहू? शुक्रवारची तारीख आहे. रविवारी मी तबकासकट छत्रीबागेत हजर."

छत्रीबागेतल्या त्या गल्लीच्या गणपतीची पहिली आरती कोणाची, हा वाद बारा वर्षं चालला होता. दौलतरावांचे आजोबा होळकरांच्या फौजेत, म्हणून मान त्यांचा. समोरच्या चिंतामणरावांचे आजोबा होळकरांच्या दप्तरात, म्हणून मान त्यांचा. दावा मध्यभारत असताना जन्मला आणि मध्य प्रदेश झाल्यावर चांगला हातापायांनी मोठा झाला. खालच्या कोर्टात दौलतराव जिंकले, वरच्या कोर्टात चिंतामणराव. हायकोर्टानं सांगितलं, एक वर्ष ह्यांनी करावी, एक वर्ष त्यांनी, आणि यंदा चिंतामणरावांनी सुरुवात करावी. "मान काय भाकरी आहे, अर्धी अर्धी मोडायला?" असं म्हणून दौलतराव थेट सुप्रीम कोर्टात गेले. वय सत्तर. यंदा ताट चिंतामणच्या हातात गेलं, तर वर गेल्यावर वडिलांना काय तोंड दाखवायचं, ही एकच धास्ती त्यांना खात होती.

उज्जैनला गाडी बदलताना समोरच्या बाकावर कोण, तर चिंतामणराव! मांडीवर पिशवी, आणि पिशवीत आरतीची घंटा. तिच्यावर त्यांच्या आजोबांचं नाव होतं. दिल्ली येईपर्यंत दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत.

दौलतरावांच्या दिल्लीच्या वकिलांनी तबक पाहून कपाळाला हात लावला. "दौलतरावजी, यहाँ गवाह-सबूत कुछ नहीं चलता. यहाँ पहले यही तय होता है कि आपकी बात सुननी भी है या नहीं."

"म्हणजे? ऐकल्याशिवाय कसं कळणार ऐकायचं की नाही?"

"कागज़ पढ़कर. जज साहब घर से पढ़कर आते हैं."

अपिलाची चारशे पानं! दौलतरावांचा विश्वासच बसेना. स्वतःच्या मुलानंसुद्धा ती पानं कधी उघडली नव्हती.

शुक्रवारी नंबर लागलाच नाही. पुकारा व्हायच्या आत कोर्ट उठलं आणि सोमवार मिळाला. आता पंचाईत झाली. अपील सोडून दौलतरावांना जाता येईना, आणि आपण गेलो की हा मागे मनाई हुकूम आणेल, ह्या भीतीनं चिंतामणरावही हलेनात. धर्मशाळेत समोरासमोरच्या खाटांवर दोघं एकमेकांवर पहारा करत बसले. एक नळावर गेला की दुसरा तांब्या घेऊन मागे हजर.

"आपल्याशिवाय काय आरती होते?" दौलतराव भिंतीला म्हणाले.

"नामुमकिन!" चिंतामणराव दुसऱ्या भिंतीला म्हणाले.

सोमवारी दौलतराव त्या उंच घुमटाखालच्या पायऱ्या चढले आणि नकळत वहाणा काढायलाच वाकले. राजवाड्याच्या दरवाजातून ते हजारदा गेले होते, पण असं कधी झालं नव्हतं. आत पंखे फिरत होते आणि एवढी माणसं असून कोणी खोकतही नव्हतं. समोर दोन न्यायमूर्ती. कागदाची एक गठडी उघडायची, एखाद-दुसरा प्रश्न, दोन मस्तकं क्षणभर जवळ यायची, आणि निकाल! मोठमोठे वकील कमरेत वाकून दोन पावलं मागे सरत. पंधरा-वीस प्रकरणं अशी झरझर गेली. मग एका फाशीच्या कैद्याचं आलं, आणि तिथे मात्र न्यायमूर्ती थांबले. पान मागे उलटलं, पुढे उलटलं, पुन्हा मागे. पाऊण तास एकाच माणसासाठी! शेवटी ते अपील ऐकायला घेतलं. कोपऱ्यात एका बाईनं पदर तोंडाला लावला. दौलतरावांनी मांडीवरचं तबक उपरण्याखाली झाकलं. बाप रे, हे आहे होय इथलं काम! आणि आपण तबक घेऊन आलोय.

तेवढ्यात त्यांच्याच नावाचा पुकारा झाला. दौलतराव ताडकन उठले. मागे चिंतामणरावही उठले. पिशवीतल्या घंटेचा लोळा त्यांनी रुमालानं बांधला होता, पण गाठ सुटली.

टण्ण!

सगळं कोर्ट वळलं. चिंतामणराव पिशवी पोटाशी धरून उभे राहिले. थोरल्या न्यायमूर्तींनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, हा उत्सव असतो कधी?

"आजच, मिलॉर्ड," वकील पुटपुटले.

न्यायमूर्तींनी आधी दौलतरावांकडे पाहिलं, मग त्या पिशवीकडे. "मग आत्ता तिथं आरती कोण करतंय?"

बारा वर्षांत हा प्रश्न एकाही कोर्टानं विचारला नव्हता. वकील कागद चाळू लागले, दौलतरावांनी चिंतामणरावांकडे पाहिलं, चिंतामणरावांनी पिशवीकडे. दोन मस्तकं जवळ आली. "डिसमिस्ड." संपलं! एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

"हरलो," बाहेर पायरीवर बसून दौलतराव म्हणाले. पण आवाजात राग सापडेना. "पण चिंतामण, चारशे पानं वाचली होती रे त्यांनी. नेमकं बोट ठेवलं."

"अरे भिया, माझी तर बोबडीच वळली," चिंतामणराव म्हणाले. बारा वर्षांतलं हे त्यांचं पहिलं संभाषण.

मंगळवारी संध्याकाळी दोघं गल्लीत शिरले. मांडवात गणपती बसले होते, आणि त्यांच्यापुढे भानुमतीबाई आणि चिंतामणरावांच्या शांताबाई प्रसाद वाटत बसल्या होत्या.

"पहिली आरती कोणी केली?" दौलतरावांनी दारातूनच विचारलं.

"आम्ही दोघींनी. ताट एक, हात दोघींचे. घंटा नव्हती, मग शांताबाईंनी दुसऱ्या हातानं पातेल्यावर पळी वाजवली. मस्त झाली!"

झालं! दिल्लीत निवलेलं दौलतरावांचं रक्त गल्लीत येताच पुन्हा तापलं. "अगं, पण मान! आमचे आजोबा होळकरांच्या फौजेत—"

भानुमतीबाईंनी हात वर केला. "थांबा. हे ऐकायचं की नाही, ते आधी ठरवू दे आम्हाला."

त्यांनी शांताबाईंकडे पाहिलं. दोघींची डोकी क्षणभर जवळ आली.

"नाही ऐकायचं," भानुमतीबाई म्हणाल्या. "हातपाय धुवा आणि मोदक घ्या."

दौलतराव बघतच राहिले. ह्यांना हे कोणी शिकवलं? मग त्यांनी मुकाट्यानं तबक गणपतीपुढे ठेवलं, कमरेत वाकले आणि दोन पावलं मागे सरले. मागे चिंतामणराव उभे होते, त्यांच्या पिशवीला धक्का लागला, आणि घंटा वाजली.