सोनुने सरांच्या पत्रकार परिषदा

सोनुने सर वर्गात आले की आधी टेबलावर पाण्याची बाटली ठेवायचे आणि मग पिशवीतून पुठ्ठ्याची एक पाटी काढून समोर उभी करायचे. आज आपण कोण आहोत, ते त्या पाटीवर लिहिलेलं असायचं. कधी 'पालकमंत्री', कधी 'पोलीस अधीक्षक', कधी 'साखर कारखान्याचे माजी अध्यक्ष'. एकदा पाटीवर 'जखमी बैल' होतं. आम्ही तासभर प्रश्न विचारले आणि सरांनी तासभर आमच्याकडे नुसतं पाहिलं. घंटा झाल्यावर म्हणाले, "ज्याले बोलता येत नाही, त्याची बातमी कशी लिहसान? उद्या विचार करून या."

आम्ही विचार करून गेलो नाही. आमच्या वर्गाला ती सवय नव्हती.

पत्रकारिता शिकवायची सरांची ही एकच पद्धत. पुस्तकातली व्याख्या ते परीक्षेच्या आदल्या दिवशी सांगायचे. बाकी वर्षभर रोज पत्रकार परिषद. सर खुर्चीत बसणार, आम्ही बाकावरून प्रश्न विचारणार आणि संध्याकाळपर्यंत बातमी लिहून द्यायची. मंत्री असले की ते शुद्ध पुस्तकी मराठी बोलायचे, आरोपी असले की वऱ्हाडी. असं का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. मी विचारायला हवे होते असे बरेच प्रश्न विचारलेले नाहीत.

मुळात मी या वर्गात आलो तो एका लग्नातून. पोलीस भरतीत माझा दम गेला होता, तलाठी परीक्षेत माझं डोकं गेलं होतं. मेहकरला एका लग्नाच्या पंगतीत शेजारी एक किडकिडीत गृहस्थ बसले होते. त्यांनी विचारलं, "सध्या काय करून राह्यला?" मी म्हणालो, "तयारी." आमच्या बुलढाणा जिल्ह्यात तयारी हा एक पूर्ण वेळचा धंदा आहे आणि त्यात माझ्यासारखे पुष्कळ गुंतलेले आहेत. गृहस्थ म्हणाले, "मंग पत्रकारितेची तयारी कर." मठ्ठा येईपर्यंत त्यांनी माझा फोन नंबर घेतला होता आणि हात धुवेपर्यंत माझा प्रवेश झाला होता.

लग्नसराई हाच सरांचा प्रवेशाचा हंगाम, हे मला पुढे कळलं. सर तासिका तत्त्वावर होते. म्हणजे जेवढे तास शिकवणार तेवढंच मानधन आणि पुढच्या वर्षीची खात्री कोणालाच नाही. वर्गात ठरावीक मुलं भरली नाहीत तर अभ्यासक्रम बंद आणि सर घरी. म्हणून ते उन्हातान्हात पंगती गाठायचे. वऱ्हाडी मंडळी त्यांना नवरीकडचा पाहुणा समजायची आणि नवरीकडची मंडळी नवरदेवाकडचा.

वर्ग सुटल्यावरही सरांची भूमिका सुटायची नाही. चहाच्या टपरीवर टपरीवाल्यानं विचारलं, "साखर कमी टाकू का?" तर उत्तर यायचं, "यावर आत्ताच भाष्य करणं उचित ठरणार नाही." कोणी "सर, तुम्ही मूळचे कुठले?" म्हटलं की लगेच, "पुढचा प्रश्न." आम्ही हसायचो. सरांबद्दल त्यापलीकडे आम्हाला काही कळलं नाही आणि त्याचं काही वाटलंही नाही. आम्ही होतकरू पत्रकार होतो, आम्हाला फक्त मोठ्या माणसांत रस होता.

होतकरू हा शब्द मी माझ्यापुरता मागे घेतो. पहिल्याच परिषदेत मी पालकमंत्र्यांना विचारलं होतं, "साहेब, प्रवास कसा झाला?" सरांनी पाटी आडवी केली, चष्मा काढला आणि म्हणाले, "उमेश, तू पत्रकार आहेस का सोयरा?" वर्गात शीतल नावाची धामणगाव बढ्याची मुलगी होती. ती इतकी हसली की तिला बाहेर जावं लागलं. शीतल हुशार होती. तिच्या प्रश्नांनी मंत्री खरोखर घामाघूम व्हायचे आणि सर मनातून खूश व्हायचे.

मला तिच्यावर मात करायची होती. संधी लवकरच आली. त्या दिवशी सर पालकमंत्री होते. मी आमच्या गावचा विषय काढला. डोणगावच्या अलीकडे आमचं खेडं आहे, मध्ये नाला आहे आणि पावसाळ्यात शाळेची पोरं तिकडची तिकडे अडकतात. मी विचारलं, "पूल कधी होणार?" पालकमंत्री म्हणाले, "या उन्हाळ्यात कामाला सुरुवात होईल, हा माझा शब्द आहे." मी झटकन बातमी लिहिली. इतकी झकास उतरली की ती सरांना दाखवण्याआधी मी एका स्थानिक साप्ताहिकाला पाठवून दिली. वर्गातल्या सरावाची बातमी आहे, एवढी एकच ओळ लिहायची राहून गेली.

साप्ताहिकानं ती पहिल्या पानावर छापली. खाली माझं नाव होतं. मी तो अंक खिशात घालून तालुकाभर हिंडलो आणि नेमकं काय छापलंय ते माझ्या डोक्यात चार दिवसांनी शिरलं. तोपर्यंत गावात पेढे वाटून झाले होते.

पाचव्या दिवशी आमचा वर्ग चालू असताना दारात माझे काका उभे. मागे गावची मंडळी, हातात हार, शाल, नारळ. माझ्याच नावाची बातमी, तेव्हा मंत्री कुठे भेटतात ते मला ठाऊक असणार, असा त्यांचा सरळ हिशोब होता. दुर्दैवानं त्या दिवशी सरांसमोर पाटी होती 'संशयित आरोपी'. काकांनी पाटी वाचली, सरांकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "उमेश, साहेबाले अटक झाली काय बे?"

मी जमिनीकडे बघून सगळं सांगितलं. मला वाटलं, आता नारळ माझ्याच डोक्यात फुटतो. काका सरांना म्हणाले, "म्हंजे पूल नाही?"

सर उठले. आरोपीचं बोलणं त्यांनी सोडलं नाही, पण आवाज निराळा होता. "नाही भाऊ. चूक आमच्या वर्गाची झाली. पोरं कुठून जातेत, ते मले दाखवसान काय?"

पुढच्या रविवारी सर एसटीनं आमच्या गावी आले आणि सगळ्या वर्गाला घेऊन आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून नाल्यात उतरले. पोरांशी बोलले, मास्तरांशी बोलले, एका म्हातारीशी तर इतका वेळ बोलले की तिनं त्यांना आपल्या भाच्यासाठी स्थळ सुचवायला सांगितलं. मग आम्हाला एका झाडाखाली बसवून बातमी लिहायला लावली. शीतलची बातमी एका दैनिकात आतल्या पानावर आली. पूल अजून झालेला नाही. पण नाल्यात सिमेंटचे पाइप पडले आहेत आणि पोरं आता पाय न भिजवता जातात. काका ते श्रेय अजून मलाच देतात आणि मीही फारसा विरोध करत नाही.

वर्ष संपलं. लग्नसराई आली, पण त्या उन्हाळ्यात सरांच्या पंगती फळल्या नाहीत. पोरं आता पंगतीत बसल्या बसल्या मोबाइलवर बातमीदारी करतात, त्यांना वर्ग कशाला हवा? प्रवेश भरले नाहीत. अभ्यासक्रम बंद होणार, असं कॉलेजनं सांगितलं. आमचे निकाल लागायचे होते, पण सरांचा निकाल लागला होता.

सरांनी आम्हाला शेवटचं बोलावलं. टेबलावर पाण्याची बाटली होती, पाटी नव्हती. सर खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आज मी मीच आहो. इचारा."

वर्षभर आम्ही मंत्र्यांची गाळण उडवली होती आणि आता एकालाही प्रश्न सुचेना. सर वाट बघत होते. शेवटी शीतल म्हणाली, "सर, घरी कोण कोण असते?"

"पुढचा," सर सवयीनं म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, "कोणी नाही. माय होती. पोळ्याच्या दिवशी गेली."

त्या पोळ्याच्या आठवड्यात वर्गाच्या ग्रुपवर सरांचा मेसेज होता, 'मंत्रिमहोदय दौऱ्यावर आहेत, तास होणार नाहीत.' आम्ही खाली हसरे चेहरे टाकले होते. मी तर तीन टाकले होते.

काही तरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "लग्न काऊन नाही केलं सर?"

"पोरीचा बाप इचारे, परमनंट कधी होता? मी म्हणो, पुढच्या वर्षी." सर हसले. "लय वर्षं हेच म्हटलं. मंग इचारणारे कमी झाले. एवढ्या लग्नाइले गेलो, सगळे मले पाहुणाच समजे."

आम्हीही हसलो, कारण ते हसत होते. एक वर्ष रोज ज्या माणसाला प्रश्न विचारले, तो दुपारी काय जेवतो हेही मला ठाऊक नव्हतं.

शीतलनं वही मिटली. "सर, आज आमच्या घरी जेवायले चला."

"पत्रकार परिषदेनंतर चहापाणी असते," सर म्हणाले. "जेवण नसते."

"धामणगावात असते," ती म्हणाली.

आम्ही दुपारच्या एसटीनं धामणगाव बढ्याला गेलो. वर्गातली मंडळी जेवायला येतायत, एवढंच शीतलनं फोनवर कळवलं होतं; तिच्या आईनं वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी केली होती. शीतल पाणी आणायला आत गेली होती. आई वाढता वाढता सरांसमोर थांबली आणि म्हणाली, "तुमी कोन म्हनायचे, भाऊ?"

ज्या माणसाकडे रोज या प्रश्नाचं नवं उत्तर असायचं, तो हातातल्या बट्टीकडे पाहत राहिला. सर म्हणावं तर वर्ग बंद, प्राध्यापक तर ते कागदावर कधीच नव्हते. मी मध्ये बोलणार होतो, पण तेवढ्यात ते म्हणाले, "मी याह्यचा सर होतो."

"होतो काऊन?" आई म्हणाली. "पोरगी तर रोज तुमचंच सांगे. आज सर कलेक्टर झाले, आज सर मंत्री झाले. मले वाटे, कोनी दांडगा मानूस आसन. तुमी तं घरच्यासारखेच निंगाले." तिनं त्यांच्या बट्टीवर वाटीभर वरण ओतलं, वर तूप सोडलं. "आता पोळ्याले याच. आमच्याकडं पुरनाचा सैपाक असते. एकट्यानं काय जेवता त्या दिवशी."

सरांच्या मायबद्दल तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. मी मान खाली घातली, कारण मला रडू आलं होतं आणि शीतल पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभी राहिली होती. सरांनी एकदा चष्मा वर सरकवला.

"येतो," ते म्हणाले. दोन घास खाल्ल्यावर, कोणी विचारलं नसताना, पुन्हा म्हणाले, "येतो ताई. सकाळीच येतो."