तेहेतीस अक्षरं, नव्वद दिवस

आमच्या जेवणाच्या टेबलावर निळ्या चिकटपट्टीची एक तिरकी रेघ आहे. पाहुणे विचारतात, टेबल तडकलंय का? तडकलेलं नाही. ती रेघ शेजारच्या वर्तककाकूंनी मारली आहे आणि काढायची नाही अशी मला सक्त ताकीद आहे. लिहिताना कागद त्या रेघेला लावून ठेवायचा, म्हणजे अक्षर आपोआप उजवीकडे झुकतं. ताटं आम्ही सरळ ठेवतो. अजून तरी.

वर्तककाकू म्हणजे आमच्या शेजारच्या कौस्तुभची आई. वय एकाहत्तर, मुक्काम नाशिक. दरवर्षी एप्रिलमध्ये इथे हॉलंडात, झूटरमेरला येणार आणि नव्वद दिवस भरायच्या आत परत जाणार, कारण व्हिसा तेवढाच मिळतो. इतरांच्या आयांचे नव्वद दिवस ट्यूलिप बघण्यात, नातवंडांना वरणभात भरवण्यात आणि 'इथे रस्त्यावर माणूस म्हणून दिसत नाही गं' असं म्हणण्यात जातात. काकूंचे गेल्या वर्षीचे नव्वद दिवस मुलींना रशियन अक्षर गिरवायला शिकवण्यात गेले.

रशियनच का, असं त्यांना विचारलं की त्या उलट विचारतात, "मग काय चिनी शिकवू?" नाशिकजवळच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं रशियन कागदांचे अनुवाद केले. "छापील काय, कुणालाही येतं," त्या म्हणतात. "पण ड्रॉइंगच्या कडेला रशियन इंजिनियर पेन्सिलीनं जे खरडायचे ना, ते वाचता येणारी अख्ख्या कारखान्यात मी एकटी. मी रजेवर गेले की काम ठप्प." काम खरंच ठप्प होत असे का, याबद्दल मला शंका आहे. पण काकूंसमोर शंका काढायची सोय नाही.

अशा बाईला सून मिळाली तीही रशियन बोलणारी. लेना कझाकस्तानची. सहा वर्षांची असताना वडिलांबरोबर इकडे आली, आई तिकडेच राहिली. लेनाला रशियन बोलता येतं, छापील अडखळत वाचता येतं, हातानं लिहिलेलं मात्र अजिबात लागत नाही, कारण शाळा सगळी डच. आणि तिची आई, गालिनाबाई, कानांनी पार अधू, फोनशी हाडवैर. त्या पत्रंच लिहिणार, तीही एकसलग वळणाच्या हातानं, ओळभर अक्षरं एकमेकांत गुंतलेली. पत्रं यायची आणि बिस्किटांच्या डब्यात पडून राहायची. एप्रिलमध्ये काकू आल्या की एकेक उघडून लेनाला वाचून दाखवायच्या. सात वर्षं हे असं चाललं होतं.

गेल्या एप्रिलमध्ये मात्र काकूंनी चहा पिता पिता जाहीर केलं, "या खेपेला पत्रं माया वाचणार."

माया ही नात, वय आठ. आईशी रशियन, शाळेत डच, आणि आजीचं मराठी सगळं कळतं पण उत्तर डचमध्ये. डब्यात चार पत्रं वाट बघत होती. लेना म्हणाली, आधी वाचून तर दाखवा, मग शिकवा. काकू म्हणाल्या, नाही. "तेहेतीस अक्षरं, नव्वद दिवस. एका अक्षराला पावणेतीन दिवससुद्धा येत नाहीत. सुटी मिळणार नाही."

वर्ग आमच्या टेबलावर भरला, कारण कौस्तुभकडचं टेबल गोल. काकूंच्या मते गोल टेबलावर कुणी कधी काही शिकलेलं नाही. माझी गार्गी त्याच टेबलाशी बसून सफरचंद खात होती म्हणून तिचं नाव पटावर चढलं. समोरच्या घरातली फेमके शंकरपाळ्यांच्या वासावर आली आणि अडकली. तिघींपैकी दोघींना रशियनचा गंध नव्हता. काकूंना त्याची फिकीर नव्हती. "भाषा नंतर बघू. आधी हात."

पहिले पंधरा दिवस नुसत्या तिरक्या काठ्या. मग गळासारखे आकडे, मग फास. काकू खुर्चीत डोळे मिटून बसायच्या आणि ताल धरायच्या, "रास-ई, द्वा-ई." रास म्हणजे एक, काठी खाली; द्वा म्हणजे दोन, काठी वर. शब्द सुरू केला की तो संपेपर्यंत पेन्सिल कागदावरून हलवायची नाही. "हात उचलू नकोस" हे वाक्य त्या आठवड्यांत मी इतकं ऐकलं की ऑफिसात ईमेल लिहितानाही मला कीबोर्डवरून हात काढायची भीती वाटू लागली. एकदा शब्दाच्या मध्यात गार्गीला शिंक आली. "शिंक, पण हात उचलू नकोस," काकू म्हणाल्या, आणि तो शब्द पहिल्यापासून लिहायला लावला.

एका पावसाळी सकाळी त्या मुलींना घेऊन द हेगला गेल्या, तर ट्रामच्या काचेवर वाफ धरलेली. काकूंनी तिथेच शाळा उघडली. पुढच्या सीटवरचा एक टाय लावलेला गृहस्थ कौतुकानं मागे वळून बघू लागला, तर त्याच्याही काचेवर त्याच्याकडून ओळभर आकडे काढून घेतले. तो त्याच्या स्टॉपवर उतरला नाही असं गार्गी सांगते. भीतीनं की गोडीनं, ते तिला कळलं नाही.

काकूंचा एक सिद्धांत आहे. मराठी अक्षर दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यासारखं वरच्या रेघेला लोंबतं. रशियन अक्षर खालच्या रेघेवर मांडी ठोकून बसतं. मराठी माणूस रशियन लिहायला लागला की पहिले सहा महिने सगळं लोंबतंच. गार्गीचं उलटं झालं. रविवारच्या मराठी वर्गातून तिच्या बाईंचा निरोप आला, की मुलीची अक्षरं खाली बसली आहेत आणि शिरोरेघ कुठे दिसत नाही. मी काकूंना सांगितलं. त्यांना फार आनंद झाला.

कौतुकाचा त्यांच्याकडे एकच शब्द होता. "चालेल." तो आठवड्यातून एखाद्या वेळी मिळायचा. फेमकेला पहिला 'चालेल' मिळाला तेव्हा तिच्या आईनं मला सुपरमार्केटात गाठून विचारलं, हे कसलं बक्षीस आहे आणि ते घरी कधी येईल.

या सगळ्या गमतीजमतीत दिवस मात्र चालले होते. साठावा दिवस उजाडला, माया शब्द लिहू लागली, पण डबा बंद तो बंदच. एका संध्याकाळी लेना माझ्याकडे येऊन रडली. "फोर लेटर्स," ती म्हणाली. "माय मदर इज ओल्ड. अँड युवर काकू ड्रॉज हुक्स विथ द चिल्ड्रन."

माझं डोकं सणकलं. दुसऱ्या दिवशी काकू माझ्या स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. मी म्हटलं, "काकू, हा निव्वळ हट्ट आहे. दोन मिनिटांचं काम तुमचं. त्या पोरीला का छळताय?"

काकू कोथिंबीर निवडत राहिल्या. पिवळी पानं चांगल्या पानांत जात होती, ते मला तेव्हा दिसलं.

"दिसत नाही गं मला," त्या म्हणाल्या. "मधलं गेलंय. कडेचं दिसतं. आत्ता तुझे कान दिसतात, नाक नाही. नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे आता सुधारायचं नाही."

 मी विचारलं, "मग मुलींचं अक्षर कसं तपासता?"

"ऐकते. पेन्सिल कागदावर चालते तिचा आवाज येतो. हात उचलला की आवाज तुटतो."

कौस्तुभला का नाही सांगितलं, तर म्हणे, "सांगितलं की शिकवणं बंद आणि इथला तो हाउसआर्ट्स डॉक्टर सुरू. तो दहा मिनिटं हसून बोलणार आणि पॅरासिटामॉल घ्या म्हणणार. जायच्या आधी सांगेन."

मला रडू येत होतं, आणि रडू आलं की मी काहीतरी आचरट बोलते. म्हटलं, "मग तोवर मनचंच काहीतरी वाचून दाखवायचं. लेनाला काय कळतंय?"

काकूंनी जुडी खाली ठेवली. "तेच तर करत आले ना सात वर्षं."

मग सगळं बाहेर आलं. गालिनाबाईंची पत्रं म्हणजे बटाटे, बर्फ, गुडघे आणि मांजर. खाली सही. बस. पहिल्या वर्षी पत्र वाचून संपलं तरी लेना समोर हात जुळवून तशीच बघत राहिली होती. काकूंना ते बघवेना. त्यांनी शेवटी आपल्या पदरची एक ओळ घातली, की तुझी फार आठवण येते. पुढच्या पत्राला दोन घातल्या. मग दर पत्राला घालत गेल्या.

"मग आता का अडलंय?" मी विचारलं.

"मूळ कागद वाचून एखादी ओळ वाढवणं वेगळं. कागद न वाचता बोलणं म्हणजे थापा. तीस वर्षं अनुवाद केलाय मी."

"आणि मायानं वाचलं की लेनाला कळेल."

"कळेल," काकू म्हणाल्या. "त्या भीतीनं झोप नाही मला. पण तिच्या आईचं पत्र वाचता येणारं घरात कुणीतरी हवं. मी आता त्यातली नाही." आणि पुन्हा जुडी उचलली. मी कुणाला काही बोलले नाही.

शहाऐंशीव्या दिवशी, रविवारी, आमच्या टेबलाशी डबा उघडला. एका बाजूला तिघी मुली, समोर लेना, टोकाला काकू. मायानं सगळ्यांत जुनं पत्र घेतलं आणि ओळीखाली बोट धरून वाचायला लागली. दीड पानाला अर्धा तास लागला. मधे अडली तर मागे जायची, अक्षराचं वळण बोटानं गिरवायची आणि पुढे सरकायची. प्रत्येक वाक्य झालं की गार्गी आणि फेमकेसाठी डचमध्ये सांगायची. बटाटे बरे आले. मांजर दोन दिवस हरवलं होतं, मग आपणहून आलं. उजवा गुडघा डाव्यापेक्षा वाईट. शेजाऱ्यानं कुंपणाला हिरवा रंग दिला. गालिना.

"क्लार," माया म्हणाली. झालं.

लेनानं कागद हातात घेऊन उलटा करून पाहिला. मागे कोरं होतं. मग तिनं काकूंकडे पाहिलं. काकूंनी दोन्ही तळवे टेबलावर टेकवले होते आणि त्या लेनाच्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघत होत्या. त्यांना लेनाचा चेहरा दिसत नाहीये, हे त्या खोलीत मला एकटीला ठाऊक होतं. मी उठून काकूंच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले.

लेनाला सुनेपुरतं मराठी येतं, पन्नासेक शब्द. तिनं पत्राची घडी घातली, ते काकूंच्या हाताखाली सरकवलं आणि वरून आपला हात ठेवला.

"आई," ती म्हणाली, "आता तुमचं सांगा."

 काकू रशियनमध्ये बोलल्या, तीन-चार वाक्यं असतील, सावकाश, एखादं पत्र वाचावं तशी. लेना मान खाली घालून ऐकत होती.

मला रशियन येत नाही. फेमकेनं मायाला कोपरानं ढोसून विचारलं, आजी काय म्हणाली?

"ते पत्र आईला आलंय," माया म्हणाली, आणि पुढे काही सांगितलं नाही.