हौसाक्कांचं पावणं

टीव्ही लावण्याआधी त्याला हात जोडून "या पावणं, बसा" म्हणणारी बाई मी आजवर एकच पाहिली. आमच्या समोरच्या हौसाक्का. आता पावण्यांनी बसायचा प्रश्नच नव्हता, कारण ते भिंतीला स्क्रूनं आवळलेले होते. तरीही संध्याकाळी सहा वाजले की हौसाक्का त्यांच्या तोंडावर झाकलेला पंचा काढायच्या, खांद्यावर टाकायच्या, हात जोडायच्या आणि मगच रिमोटला हात लावायच्या. समोर सतरंजीवर गल्लीतली सगळी पोरं मांडी घालून बसलेली. तीही एका सुरात ओरडायची, "या पावणंऽऽ!"

पहिल्यांदा हे मी आमच्या खिडकीतून ऐकलं तेव्हा मला वाटलं, आक्कांकडे सोयरिकीची मंडळी आली आहेत. मग आठवलं, त्या घरात आता लग्नाचं कुणी नाही. एकुलता एक बाळू, तो लग्न करून बंगळूरला कधीच स्थायिक झाला आहे.

हौसाक्कांचं माहेर नेसरीकडचं, सासर आमच्या पेठेतलं. एके काळी त्यांच्या दारात म्हशी होत्या आणि निम्मी पेठ त्यांच्या दुधावर पोसली होती. मालक गेले, गुडघे कुरकुरायला लागले, तशा म्हशी विकल्या. आवाज तेवढा राहिला. पार रंकाळा तलावात डुंबणाऱ्या म्हशीला घरी बोलावण्यासाठी कमावलेला तो आवाज. त्या आवाजात आक्का मला कानात काहीतरी खासगी सांगायच्या आणि दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला मला त्यावर सल्ला द्यायचा.

टीव्ही बाळूनंच आणला. एका दिवाळीत आला, भिंतीला भोकं पाडली, खाटेएवढा टीव्ही टांगला, "आई, आता तुला कंटाळा यायचा न्हाय" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं परत गेला. आक्कांनी गल्लीभर सांगितलं, "लेकाला याय जमत न्हाय, म्हणून त्यानं पावणं धाडल्यात. लेकानं धाडलेलं पावणं, मान ठेवाय पायजे की!" सगळे हसले. मीही हसले.

मला हसायचा काही अधिकार नव्हता. आमच्या घरात वेगळंच नाटक चालू होतं. माझी मुलगी सई तेव्हा नुकतीच शाळेत जायला लागली होती आणि टीव्हीशिवाय घास घेत नव्हती. कार्टूनमधला एक निळा ससा पळायला लागला की तिचं तोंड उघडायचं, तेवढ्यात मी घास सारायचा. वीज गेली की आमच्याकडे कडकडीत उपास. एकदा मी तिला कारल्याची भाजी भरवली, तिनं ती पुरणपोळीसारखी खाल्ली. त्या दिवशी मी स्वतःवरच खूश होते. मग एके दिवशी जेवण झाल्यावर, ओठाला भात लागलेला असताना, तिनं मला विचारलं, "आई, मी जेवले का गं?"

माझा नवरा कॉलेजात शिकवतो, त्यामुळे त्याला उपदेशाची सवय आहे. "जेवताना टीव्ही बघू नये," असं तो सईला रोज सांगायचा. टीव्हीवरची नजर न काढता सांगायचा. त्याला रात्री बातम्यांतली चर्चा लागायची, आणि चर्चा लागली की सई सशासाठी भोकाड पसरायची.

अशाच एका जेवणाच्या वेळी हौसाक्का भडंगाचा डबा घेऊन आमच्याकडे आल्या. दारातच थबकल्या. टीव्हीवर चौकटीचौकटीतून माणसं एकमेकांच्या अंगावर ओरडत होती.

"काय गं," आक्का मला म्हणाल्या, "किती जणांचा सैपाक केलाईस?"

"आमच्या तिघांचाच."

"आन् ह्यांचं काय? घरात एवढी माणसं आल्यात, नरडं फुटस्तवर भांडाय लागल्यात, आन् तुमी खुशाल जेवाय बसलाय? एक तर त्यास्नी वाढा, न्हायतर वाटंला लावा!"

नवऱ्यानं मुकाट्यानं टीव्ही बंद केला. आमच्या लग्नापासून मला जे जमलं नव्हतं ते आक्कांना एका वाक्यात जमलं. संधी साधून सईनं सशासाठी गळा काढला. आक्का म्हणाल्या, "लाव तिचा ससा." मी लावला. मग त्या सईशेजारी बसकण मारून म्हणाल्या, "आता त्याला इचार, जेवणार काय म्हणून. पावण्याच्या तोंडाम्होरं एकटंच खायाचं म्हंजे काय रीत झाली?"

सईनं घास पुढे केला. "जेवणार?"

ससा पळत राहिला.

"परत इचार. लाजत आसंल."

सईनं तीनदा विचारलं. ससा लाजत नव्हता, त्याचं लक्षच नव्हतं. "बघ," आक्का म्हणाल्या, "त्याला भूक न्हाय. मग त्याला जाऊ दे त्याच्या घरला, आपुन जेवूया." आणि सईनं, माझ्या सईनं, स्वतःच्या हातानं टीव्ही बंद केला. त्या रात्री ती अर्धीच चपाती जेवली, पण आपण चपाती जेवलो हे तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवसापासून सई संध्याकाळी सहाला समोरच्या सतरंजीवर जाऊन बसायला लागली. तिथला कायदा साधा होता. पावण्यांना जे लागू, ते टीव्हीला लागू. एक पावणं आत असताना दुसऱ्याला बोलवायचं नाही, म्हणजे चॅनेल बदलत बसायचं नाही. पावण्यांना सोप्यात बसवायचं, झोपायच्या खोलीत न्यायचं नाही. हे कळल्यावर सईनं आमच्या बेडरूममधला छोटा टीव्ही काढायला लावला. दुसऱ्याच्या दारात पावण्यांच्या चपला दिसल्या तर बाहेरनं हाक मारायची, एकदम आत घुसायचं नाही. हा नियम टीव्हीचा नव्हता, पण आक्का तोही त्याच दमात शिकवून टाकायच्या.

जाहिरात लागली की आक्का पोरांना डोळा घालायच्या. "आला बघा पावण्याचा मेव्हणा! कायतरी खपवाय आलाय." पोरं खिदळायची, "मेव्हणा आला, मेव्हणा!" मग आवाज बंद करून मेव्हण्याचे नुसते हातवारे बघायचे. पुढे एकदा दुकानात सईला मी तिच्या आवडीच्या चॉकलेटची पावडर घेऊ का विचारलं. ती म्हणाली, "नको, मेव्हण्याची हाय ती." दुकानदार माझ्याकडे बघत राहिला.

कार्यक्रम संपला की हजेरी. "काय बोललं पावणं?" आक्का विचारायच्या, आणि पोरांनी सांगायचं. एकदा ओम्या नावाचा एक दांडगा पोरगा उठला आणि म्हणाला, "नुसती मारामारी केली, आक्का."

"कशापायी?"

"म्हाईत न्हाय."

"कारन न सांगता मारामारी करनारं पावणं उद्या नगं मला घरात." पोरांनी माना डोलावल्या आणि ते पावणं पुन्हा आलं नाही.

सात वाजता निरोप. "या आता, परत या," म्हणून आक्का टीव्ही बंद करून पंचा झाकायच्या आणि एकही पोर रडायचं नाही. रडण्याऐवजी एकदा ओम्यानं डोकं चालवलं. "आक्का, पावण्यास्नी च्या तरी घिऊ दे की! बिनच्याचं धाडताय व्हय?" आता कोल्हापुरात पावण्यांना चहाशिवाय घालवलं म्हणजे पिढ्यानपिढ्या नाव निघतं. आक्का पेचात पडल्या. शेवटी उठून चहा ठेवला, स्वतःच पावण्यांच्या वतीनं प्यायल्या आणि तेवढा वेळ टीव्ही चालू राहिला. पोरांनी "अजून एक कप" म्हणताच त्यांनी पंचा झाकला.

काही महिन्यांनी एका दुपारी सई जेवताना म्हणाली, "आई, आमटीत मीठ जास्त झालंय." इतक्या आनंदानं मी कुणाची तक्रार ऐकली नव्हती.

मग एकदा मला ऑफिसातून लवकर सुट्टी मिळाली. आक्कांची किटली आमच्याकडे राहिली होती, ती द्यायला मी भर दुपारी त्यांच्याकडे गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून बोलण्याचे आवाज येत होते. मी दार ढकललं.

हौसाक्का ताट मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसल्या होत्या. पडद्यावर कुठल्याशा मालिकेतली सून रडत होती. आक्कांनी भाकरीचा तुकडा मोडला, तो किंचित पुढे केला, "या जेवाय" म्हणाल्या आणि मग तोंडात घातला. थोड्या वेळानं त्या सुनेला म्हणाल्या, "रडू नगं बाई. खा कायतरी."

खरं तर मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

माझ्या हातातली किटली वाजली. आक्का दचकल्या, घाईघाईनं रिमोट शोधला, भलतंच बटण दाबलं आणि सून दुप्पट आवाजात रडायला लागली. शेवटी एकदाचा टीव्ही बंद झाला. आक्कांनी पंचा फेकला, तो टीव्हीवर न पडता आमटीत पडला.

"पोरास्नी सांगू नगंस," त्या म्हणाल्या. त्यांचा इतका हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"नाही सांगणार."

"म्हशी हुत्या तवा त्यास्नी वैरण टाकायचो, मग मी जेवाय बसायचो. त्या खात्यात, आपुन खातोय, बरं वाटायचं." आमच्याकडे बायकाही 'बसायचो, जातो' असंच बोलतात. "आता एकटीच्या घशाखाली घास उतरत न्हाय गं. ह्यो बोलत असतोय. काय बोलतोय त्याच्याकडं ध्यान बी नसतंय माजं. घरात आवाज असतोय, एवडंच."

"बाळूला सांगा की."

"काय सांगू? त्यानं धाडलंय की पावणं."

मी म्हटलं, "मग दुपारी आमच्याकडे जेवायला येत जा." त्यावर त्यांचा मूळ आवाज परत आला. "रोज रोज दुसऱ्याच्यात जेवाय मी काय पावणं हाय व्हय?"

घरी आले तेव्हा मला आक्कांचं वाईट वाटत होतं आणि त्याहून जास्त धास्ती वाटत होती. पोरांना हे कळलं तर? जी बाई पोरांना जेवताना टीव्ही बघू देत नाही, तीच ताट घेऊन टीव्हीसमोर बसते, हे पेठेत एकाला कळलं की सगळ्यांना कळणार. पोरं हसतील. आक्का ते हसणं सोसू शकणार नाहीत, सतरंजी गुंडाळून टाकतील. गल्लीतल्या पोरांशिवाय त्यांना तरी दुसरं कोण होतं?

संध्याकाळी मी खिडकीत पहाऱ्यालाच बसले. सहा वाजायला आले तशी पोरं आली आणि आक्कांच्या दारात न जाता कोपऱ्यावरच्या नळापाशी थांबली. ओम्यानं तोंडाला हात लावून आरोळी ठोकली, "आक्काऽऽ, आलो होऽऽ!" मग सगळी पोरं सावकाश पाय धुवायला लागली. स्वच्छ पाय. धुतलेले परत धुवायला लागली. आक्कांच्या घरातला टीव्हीचा बारीक आवाज बंद झाला. मगच पोरं आत गेली.

रात्री जेवताना मी सईला सहज विचारल्यासारखं केलं, "नळावर कशाला थांबता गं?"

"आक्कांकडं पावणं असतात ना. त्यांना निरोप द्यायला वेळ लागतो."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगाय पायजे? आक्का पंचा काढतात तेव्हा टीव्ही हाताला गरम लागतोय की." तिनं घास चावून नीट गिळला. "सगळ्यांना म्हाईत हाय. पण आक्कांना विचारायचं नाही. ओम्या म्हणला, जो विचारंल त्याला मार."

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं आणि पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

त्यानंतरच्या शनिवारी सईची सकाळची शाळा होती. दुपारी घरी आल्यावर मी तिला ताट वाढलं, आमटीची वाटी आणायला आत गेले आणि बाहेर येऊन बघते तर सई नाही आणि ताटही नाही. दोन्ही हातांनी ताट धरून ती तोल सांभाळत गल्ली ओलांडत होती. मी वाटी घेऊन मागोमाग निघाले.

ती दाराबाहेर थांबली. "आक्काऽऽ, आलो होऽऽ!"

आक्का पदर सावरत दारात आल्या. चेहरा गोंधळलेला. "आत्ता गं काय? सा वाजल्यात व्हय?"

"जेवाय आलोय," सई म्हणाली. "आत पावणं असतील तर थांबतो हितंच."

आक्कांनी तिच्याकडे बघितलं, ताटाकडे बघितलं, तिच्यामागे वाटी घेऊन उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं. त्या आत गेल्या, आणि मग आतून तो अख्ख्या पेठेला ऐकू जाणारा आवाज आला.

"पावणं, या आता तुमी. माजं घरचं मानूस जेवाय आलंय!"