काकाजींच्या बांधीतले सारस

पटले काकाजी कुठलीही वस्तू घेताना किंमत सगळ्यात शेवटी विचारत. त्याआधी विचारत, "हे रियाच्या वेळंपर्यंत टिकन का?"

रिया म्हणजे त्यांची नात. बंगलोरला राहणारी, दुसरीत शिकणारी. काकाजी बादली घेवोत, कुलूप घेवोत की छत्री, गोंदियाच्या दुकानदाराला आधी रियाच्या संसारापर्यंतची खात्री द्यावी लागे. गोंदियाला लागून असलेल्या आमच्या कुडव्यात नवी नाली बांधत होते, तेव्हा त्यांनी ठेकेदारालाही भर उन्हात हाच प्रश्न केला. ठेकेदार प्रामाणिक असावा. म्हणाला, "काकाजी, बरसात निकल जाए तो भी बहुत है." त्यानंतर काकाजी दिसले की तो मोटरसायकल वळवून घेई. दातांचा नवा डॉक्टर आला, तर काकाजींनी तोंड उघडण्याआधी त्याचीच तपासणी केली. "तुम्ही इथंच राहानार ना? का नाव झालं की नागपूरले पळानार?"

मी त्यांची शेजारीण. जवळच्या नागरा गावच्या शाळेत शिकवते, म्हणून ते मला मास्तरीणबाई म्हणत. एकदा मी त्यांच्याच बोलीत विचारलं, "काकाजी, एवढं पुढचं कायले पाहता?"

"मंग कोण पाहीन? तिचा बाप तं दिवसभर संगणकात पाहून राहिला."

आतून काकीजींचा आवाज आला, "तिचा बाप झाला तवा हा मानूस रोवणीत होता. धान लावून झाल्यावर पोराचं तोंड पाह्यलं यानं. आता चालला नातीसाठी बादल्या ठोकून पाहाले!"

काकाजींना अशा वेळी हटकून कमी ऐकू येई.

त्या पावसाळ्यात मात्र बादल्या, कुलपं सगळं मागं पडलं. माझ्या शाळेच्या वाटेवर काकाजींचं शेत आहे. तिथल्या एका बांधीत, म्हणजे चहूकडून बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात, सारसांच्या जोडीनं घरटं केलं. माणसाएवढे उंच, राखाडी अंगाचे, लाल मानेचे पक्षी. शेत बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, करणारा दुलीचंद वैतागला. "काकाजी, धान तुडवून राहिले हे. अंडे उचलून फेकून देतो."

"हात लाव तू अंड्याले," काकाजी म्हणाले, "मंग मी तुह्या घरीच येऊन राहतो."

धमकी लागू पडली. काकाजी घरी राहायला आले तर काय होईल, हे दुलीचंद जाणून होता.

मग काकाजी रोज सकाळी सायकलनं शेतावर जाऊन लांबच्या बांधावर बसू लागले. कुत्री आली की त्यांना हिंदीत शिव्या देत, कारण कुत्री शहराकडून येत. सारसांशी मात्र पोवारीत बोलत, ती त्यांच्या घरातली बोली. रविवारी बंगलोरहून मुलाचा, महेशचा, फोन येई. महेश म्हणे, "बाबूजी, बाजूचे सगळे प्लॉट विकले गेले. आपल्याही शेताचं ठरवून टाकू."

"ठरवू, ठरवू. रियाले दे."

आणि रियाला सांगत, "बेटा, दिवाली में आ. तेरे पापा जितने ऊँचे हैं, और तेरे पापा से अच्छा नाचते हैं."

एक पिल्लू झालं, मोठंही झालं. अडचण वेगळीच निघाली. दिवाळीच्या सुमारास धान पिकतं, बांधीतलं पाणी आटतं आणि सारस तलावाकडे निघून जातात. काकाजींनी मोटर लावून एका कोपऱ्यात पाणी भरून ठेवलं. दुलीचंद कपाळाला हात लावून म्हणाला, "लोक धान वाळवून राहिले अन् हा बुढा भिजवून राहिला!"

पण पाण्यानं थांबलेले पक्षी फटाक्यांना थांबणार नव्हते. शेताला लागून नवी वसाहत झाली होती. काकाजी दारोदार गेले. "माही नात लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी येऊन राहिली. दिवाळी थोडी पुढं ढकला."

एकजण हसून म्हणाला, "काकाजी, पंचांग हमारे हाथ में नहीं है."

"फटाके तं हातात हायेत ना?"

लोकांनी त्यांना चिवडा दिला, पाणी दिलं, आणि लक्ष्मीपूजनाला फटाके फोडले. सकाळी बांधी रिकामी होती.

रिया आई-बाबांबरोबर आली. काकाजी सगळ्यांना घेऊन शेतावर गेले, मीही गेले. रियानं चहूकडे पाहिलं. "दादाजी, कहाँ हैं?"

काकाजींनी चपला काढल्या. दोन्ही हात पंखांसारखे पसरले, मान ताणून आभाळाकडे केली, आणि कर्ण्यासारखा आवाज काढत चिखलात उड्या मारायला लागले. धोतर सुटायच्या बेतात आलं. रस्त्याच्या कडेला उभा महेश ओरडला, "बाबूजी, गुडघे!" रिया आधी आईच्या मागं लपली. मग हळूच पुढं आली आणि तिनंही हात पसरले. दोघं नाचत होते, आणि मी दुसरीकडे पाहत होते, कारण मला हसूही येत होतं आणि दुसरंही काही.

चार दिवसांनी पाहुणे गेले. पुढचे कित्येक महिने काकाजींनी कुणाला कसलीच खात्री विचारली नाही. बाजारातल्या दुकानदारांनीही मला विचारलं, काकाजींची तब्येत बरी आहे ना?

आषाढात एका सकाळी मी शाळेला निघाले, तर शेताजवळ काकाजी रस्त्याच्या मधोमध उभे. मी स्कूटीचा ब्रेक करकचून दाबला.

"मास्तरीणबाई, फोन लावून द्या महेशले. आले!"

बांधीत जोडी उभी होती. मी त्यांच्या मोबाइलवरून नंबर लावला, आवाज मोठा केला. महेश दबक्या आवाजात म्हणाला, "बाबूजी, मी मीटिंगमध्ये आहे. रिया शाळेत गेली."

काकाजींनी फोन धरलेला हात बांधीकडे उंच केला. तेवढ्यात सारसांनी माना वर केल्या. आधी एकानं आवाज दिला, लगेच दुसऱ्यानं. पाण्यावरून तो आवाज लांबपर्यंत गेला.

फोन कट झाला असेल, असं मला वाटलं. मग महेशचा आवाज आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो इथल्यासारखा बोलला.

"बाबूजी, मी लहान होतो तवा हे आपल्या अंगणातून ऐकू येत होते ना?"

"येत होते ना बापू."

"अजून थोडं धरून ठेवा."

सारस केव्हाच गप्प होऊन चरायला लागले होते. तरी काकाजींनी हात पुन्हा उंच केला. आणि तिकडे महेशनंही फोन ठेवला नाही.